लाकडी धनुष्याची मूठ गुंडाळताय? आधी हे वाचा

धनुष्य झालं, टिलरिंग (म्हणजे दोन्ही बाजू सारख्या वाकेपर्यंत तासणं) झालं, वरचा-खालचा लिंब (मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग) सारखा वाकायला लागला, पन्नासेक बाण मारूनही झाले, आता तेवढी मूठ गुंडाळायची राहिलीय आणि ती काय, रविवारी चहा पिता पिता होईल, असं वाटत असेल तर थांबा. मलाही असंच वाटलं होतं.

माझं पहिलं धनुष्य धामणीचं. सुताराकडे कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी आणून ठेवलेलं एक सरळ लाकूड होतं, ते गयावया करून मिळवलं. (धामणीला संस्कृतात धन्वन म्हणतात आणि धन्व म्हणजे धनुष्य, तेव्हा हे झाड कशाला कामाचं आहे ते लोकांना फार आधीपासून माहीत होतं.) तीन महिने रविवार घालवून ते घडवलं आणि मग मुठीवर जुन्या पर्सचं चामडं दोन ट्यूबवाल्या कडक इपॉक्सीने सगळीकडून चिकटवून टाकलं, कारण मला वाटलं जितका घट्ट गोंद तितकी मजबूत मूठ. तिसऱ्या आठवड्यात बाण ओढताना कानाशी ‘कट्’ असा आवाज आला, माझं काळीज तिथेच खाली गेलं. धनुष्य तुटलं नव्हतं, आतला गोंदाचा थर तडकला होता. माझ्या धनुष्याची मूठ ओढताना थोडीशी वाकते आणि तो गोंद वाकत नाही, एवढी साधी गोष्ट. मग तो थर कानशीने काढायला बसलो तर त्याबरोबर मुठीचं दोनेक मिलिमीटर लाकूडही गेलं आणि मूठ आधीपेक्षा जास्तच वाकायला लागली.

तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे, पहिली मूठ अशी गुंडाळायची की उद्या नको वाटली तर लाकडाला धक्का न लावता उसवता आली पाहिजे. खालचं सगळं त्या हिशोबाने लिहिलंय.

दोन शब्द आधी पक्के करून घ्या, कारण यात नवीन माणूस हमखास गोंधळतो. धनुष्याचं पोट म्हणजे धरल्यावर तुमच्याकडे तोंड असलेली बाजू आणि पाठ म्हणजे टार्गेटकडची बाजू. तळहाताचा दाब पोटावर येतो, बोटं पाठीवर जातात. पुढे ‘पाठीवर शिवण घ्या’ असं म्हटलं की ही पाठ, तुमची नाही.

काय काय लागेल

दोरीच्या मुठीसाठी: २ मिमी जाडीची सुती दोरी ७ मीटर (क्राफ्टच्या दुकानात मॅक्रमेची म्हणून मिळते), हातभर तंगूस (मासे पकडायच्या गळाचा नायलॉनचा दोरा), मधमाशीचं मेण, धारदार कटर.

चामड्याच्या मुठीसाठी: १ ते १.५ मिमी जाडीचा चामड्याचा तुकडा, मेण लावलेला पॉलिस्टरचा दोरा, बोथट टोकाच्या दोन सुया, आरी, रापी किंवा कटर, आणि घरातला एक काटा-चमचा, तो कशाला ते पुढे कळेल.

दोन्हींसाठी: १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, कानस, मास्किंग टेप, शिंप्याची टेप, पेन्सिल, थोडा चपडा (म्हणजे लाखेचं पॉलिश, हार्डवेअरवाल्याला चपडा म्हटलं की कळतं), आणि सायकलची एक जुनी ट्यूब. ट्यूब पंक्चरवाल्याकडे फुकटात मिळते आणि या सगळ्या यादीत सगळ्यात जास्त कामाला तीच येते.

१. मूठ वाकते का, ते आधी बघा

सगळं यावर ठरतं, म्हणून हे पहिलं. धनुष्याची दोरी उतरवा, मुठीच्या पोटावर स्टीलची छोटी फूटपट्टी उभी लावा आणि पट्टीच्या आणि लाकडाच्या मधून किती उजेड दिसतो ते बघा, हवं तर मोबाइलवर फोटो काढा. मग दोरी चढवा आणि त्याच जागी पट्टी लावून परत बघा. उजेडाची फट बदलली तर मूठ वाकते. जशीच्या तशी राहिली तर मूठ ताठ आहे, निदान चढवलेल्या अवस्थेत तरी. मग एखाद्याला बाजूला उभं करा, बाण लावून अर्धं ओढा आणि त्याला मुठीकडे बघायला सांगा. बाण न लावता ओढून सोडून द्यायचं नाही हे तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेलच, तरी परत सांगतो, रिकामी दोरी सोडली की बाणाबरोबर जाणारा सगळा जोर लाकडातच फिरतो आणि लाकूड फाटू शकतं.

बांबूच्या पट्टीचं सरळ धनुष्य असेल, शाळेतली पोरं इंडियन राउंडच्या (देशी धनुष्यांच्या) स्पर्धेला वापरतात तसं, तर ते बहुतेक मुठीतही थोडं वाकणारच. सातपुड्यातल्या तीरकामठ्यासारखं काही बनवलं असेल तरी तेच धरून चाला. मधे जाड ठोकळा ठेवून दोन्हीकडे उतार दिलेली मूठ असेल तर ती ताठ.

वाकणाऱ्या मुठीला: दोरी, किंवा शिवलेलं चामडं, गोंद जवळजवळ नाहीच. ताठ मुठीला: काहीही चालतं. संपला नियम.

२. लाकूड तयार करणं

धनुष्याला जवसाचं तेल किंवा मेण लावणार असाल तर त्याआधी मुठीवर मास्किंग टेप गुंडाळून घ्या. तेल प्यायलेल्या लाकडावर गोंद धरत नाही, आणि ते तेल नंतर हळूहळू वर येऊन चामड्यावर काळपट डाग पाडतं. तेल आधीच लावून झालंय? मग टर्पेंटाइनमध्ये फडकं भिजवून मूठ दोनतीनदा पुसा, एक दिवस उघडी ठेवा आणि १२० च्या पेपरने घासा. वास राहतो थोडे दिवस, घरच्यांची बोलणी खायची तयारी ठेवा.

आता कोपरे. मुठीला बाजूने जे चार कोपरे असतात ते कानशीने गोल करा, मग १२०, मग २२०. खूप जण विचार करतात की वरून चामडं येणारच आहे, कशाला एवढं घासायचं. पण गुंडाळल्याने आतला कोपरा जात नाही, उलट दोनशे बाणांनंतर तो अंगठ्याच्या बुडाशी बरोबर टोचायला लागतो, आणि मग तुम्ही चामडं वाईट आहे म्हणून चामड्याला शिव्या घालता.

एक गोष्ट मात्र करू नका. वाकणाऱ्या मुठीच्या पाठीला कानस लावायची नाही. पाठ ताणली जाते, तिथे लाकडाचे धागे अखंड असले पाहिजेत, आणि बांबू असेल तर त्याची बाहेरची चकचकीत साल तर अजिबातच खरवडायची नाही, सगळी ताकद तिथेच असते. कोपरे हलके मारा, बाकी पाठीला हात नको.

शेवटी मुठीवर चपड्याचा एक पातळ हात मारा आणि रात्रभर वाळू द्या. पुढे ओलं चामडं लावायचंय, ते पाणी लाकडात जायला नको, आणि चपड्यावर गोंदही धरतो.

३. मूठ कुठून कुठपर्यंत

दोन नॉकमधलं (टोकांना दोरी अडकवायच्या खाचांमधलं) अंतर टेपने मोजा आणि बरोबर मध्यावर पेन्सिलची रेघ मारा. आता वाटेल की मुठीचा मध्य म्हणजे हाच. तसं नसतं, कारण बाण मुठीच्या वरून जातो आणि तो मध्याच्या फार वर गेला तर खालचा-वरचा हिशोब बिघडतो. साधारण १० सेंटिमीटरची मूठ असेल तर मध्यरेषेच्या वर ३ सेंटिमीटर आणि खाली ७, असं मी घेतो. तुमचा हात मोठा असेल तर खाली एखादा सेंटिमीटर वाढवा, वर वाढवू नका.

दोन्ही टोकांना मास्किंग टेपची एकेक पट्टी गोल चिकटवा. गुंडाळताना तिरकं जायला लागलं की ही पट्टी लगेच चुगली करते. आणि ताठ मुठीतून लिंबाकडे जो उतार जातो ना, त्या उतारावर गुंडाळणं चढवू नका. तिथे लाकूड वाकायला सुरुवात होते, गुंडाळलेलं सुटं पडतं, आणि तिथे बारीक चीर पडली तर ती झाकली जाते, जी तुम्हाला दिसायला हवी.

४. आधी ट्यूबची खोटी मूठ

ही पायरी सगळे गाळतात. मी पण गाळायचो.

सायकलच्या ट्यूबची दीड-दोन सेंटिमीटर रुंद लांब पट्टी कापा, मुठीवर थोडी ओढून गुंडाळा, टोक आतल्या वेढ्यात खोचा. गोंद नको, गाठ नको. आता याच्यावर दोन-तीन दिवस नेमबाजी करा, तीस-चाळीस बाण तरी मारा. हातात मूठ बारीक वाटतेय की जाड, ते उभं राहून नुसतं धरून कळत नाही, बाण मारूनच कळतं. मूठ फार बारीक असेल तर बोटांची नखं तळव्यात रुततात, फार जाड असेल तर माणूस नकळत आवळून धरतो आणि बाण सुटताना धनुष्य एका बाजूला वळतं. दाब अंगठ्याच्या बुडाच्या गादीवर यायला हवा आणि बोटं नुसती टेकलेली.

बारीक वाटली तर पोटाच्या बाजूला कॉर्कच्या शीटचा किंवा चामड्याचाच लांबट तुकडा लावून भर द्या, कडा रापीने तासून शून्यावर आणा म्हणजे वरून पायरी जाणवणार नाही. भर फक्त पोटाला आणि तीही थोडी. माझ्या हाताला गुंडाळल्यानंतर घेर १२ सेंटिमीटरच्या आसपास बरा वाटतो, तुमचा वेगळा असेल.

ट्यूबच ठेवून दिली तर? चालतं की. उन्हात हात काळे होतात आणि घामाने रबर बुळबुळीत होतं एवढंच. बॅडमिंटनची ग्रिप गुंडाळणारेही खूप आहेत, दहा मिनिटांचं काम, त्यात काही कमीपणा नाही. पण एवढे महिने लाकूड तासून वर चकचकीत निळी ग्रिप मला तरी बघवत नाही.

५. दोरीची मूठ

पहिल्यांदा करताय तर दोरीच करा. चुकलं तर उलगडायचं आणि परत गुंडाळायचं, खर्च शून्य. क्रिकेटच्या बॅटच्या हँडलला रबरी ग्रिपच्या आत दोरा गुंडाळलेला असतो, तेच हे काम.

दोरी कुठली? सुतळी बघायला झकास दिसते, पण तिच्या कुसळांनी हाताला खाज येते. नायलॉन घामात सरकतं. सुती दोरी सगळ्यात सोयीची, घाम शोषते आणि एकाला एक लागून वेढे नीट बसतात.

किती लागेल याचा हिशोब असा: मुठीचा घेर ११.५ सेंमी धरू. दोरीची जाडी धरली की एक वेढा १२ सेंमीच्या जरा वर जातो. १० सेंमी लांबीत २ मिमीची दोरी म्हणजे ५० वेढे. ५० गुणिले १२, झाले ६ मीटर. दोन टोकं आणि धरायला हात मिळून पाऊण मीटर वर. म्हणून ७ मीटर. दोरी कमी पडली तर मधे जोडता येत नाही, गाठ तळव्याखाली खड्यासारखी लागते.

एक महत्त्वाचं. दोरी ओली करून गुंडाळू नका. चामडं ओलं करतात म्हणून लोक दोरीही भिजवतात आणि फसतात. सुती दोरी ओली झाली की फुगते आणि लांबीला आखडते, वाळली की परत सैल होते, म्हणजे ओली गुंडाळलेली मूठ दुसऱ्या दिवशी ढिली. चामड्याचं बरोबर उलट.

आता करायचं कसं:

दोरीला आधी मेण घासून घ्या. दोरीचं लांबचं टोक खिडकीच्या गजाला बांधा. धनुष्याची दोरी उतरवलेली असू द्या. मुठीच्या वरच्या पट्टीपासून सुरुवात, कारण शेवटचं टोक खाली जायला हवं, वर बाण घासतो तिथे टोक नको. सुरुवातीचं टोक पाचेक सेंटिमीटर मुठीच्या लांबीत खालच्या दिशेने पाठीवर झोपवा आणि त्याच्यावरूनच पहिले दहा वेढे घ्या, म्हणजे ते आपोआप दाबलं जातं.

आता हात फिरवायचा नाही, धनुष्य फिरवायचं. गजाला बांधलेली दोरी ताणून धरायची, थोडं मागे रेलून उभं राहायचं आणि दोन्ही हातांनी धनुष्य लाटण्यासारखं जागच्या जागी गोल फिरवत फिरवत खिडकीकडे सरकायचं. ताण शेवटपर्यंत एकसारखा राहतो, हाताने ओढून गुंडाळलं की पहिले वेढे कडक आणि शेवटचे दमलेले असतात. भोवऱ्याला जाळी गुंडाळायची सवय असेल तर वेढ्याला वेढा लागून कसा बसवायचा ते बोटांना आठवेल. दर आठ-दहा वेढ्यांनी चमच्याच्या पाठीने वेढे वर सरकवून फटी बंद करा.

शेवट करताना मी जे केलं ते करू नका. कुठेतरी पाहिलं होतं की सुरुवातीलाच दोरीचा लांब फासा मुठीवर ठेवायचा, सगळं त्यावरून गुंडाळायचं, शेवटचं टोक त्या फाशातून घालायचं आणि वरचं टोक ओढलं की सगळं आत जातं. काठीच्या टोकाला बारा-पंधरा वेढे असतील तर जातंही. पन्नास मेण लावलेल्या वेढ्यांखालून ओढायचं म्हणजे पकडीने ओढा, पायाने दाबून ओढा, शेवटी दोरी फटकन तुटली आणि मी मागे कॉटवर जाऊन पडलो. अख्खं परत.

म्हणून असं करा. शेवटचे दहा वेढे राहिले की थांबा. तंगूस दुहेरी करून त्याचा फासा मुठीवर झोपवा, फाशाचं डोकं खालच्या टोकाच्या बाहेर, दोन्ही शेपट्या वरच्या बाजूला. त्याच्यावरून दहा वेढे घ्या. मग अंगठ्याने शेवटचा वेढा दाबून धरा, दोरी गजापासून सोडा, १५ सेंमी ठेवून कापा, टोक फाशाच्या डोक्यातून घाला आणि तंगूसच्या शेपट्या वर ओढा. टोक दहाच वेढ्यांखालून जाऊन मधून बाहेर येतं. ते ताणून वेढ्यालगत कापा, उरलेलं टोक आपोआप आत जातं. पहिल्यांदा ते गायब होताना बघितलं की फार बरं वाटतं.

वरून काय लावायचं? वाकणाऱ्या मुठीला फक्त मेण, आणि हाताच्या उबेने चोळून जिरवायचं. ताठ मुठीला चपड्याचे दोन पातळ हात चालतात. साधा पांढरा सुतारी गोंद लावू नका, घामाने परत मऊ पडतो आणि मूठ चिकट होते.

६. चामड्याची मूठ

मुळात चामडं कुठलं. व्हेज टॅन, म्हणजे झाडांच्या साली-फळांनी कमावलेलं हवं. कोल्हापुरी चपलांचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ते याच जातीचं, फक्त तळाचं फार जाड असतं, तुम्हाला वरच्या पट्ट्यांचं पातळ मागायचंय. चपला बनवणाऱ्याकडे कातरणाचा ढीग असतो, १२ बाय १२ सेंटिमीटरचा तुकडा त्यातूनच मिळतो. फर्निचरचं आणि पर्सचं मऊ चामडं बहुतेक क्रोम टॅन (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं) असतं, ते ओलं करून ओढलं तरी वाळल्यावर आकार धरत नाही. ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. कड राखाडी-निळसर असेल तर क्रोम, आरपार तपकिरी किंवा पिवळसर असेल तर बहुधा व्हेज.

बाहेरच्या देशांतल्या व्हिडिओंत सापाची कातडी वगैरे लावलेली दिसते. आपल्याकडे साप, घोरपड, हरीण यांची कातडी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येते, कुणी ‘जुनी घरात पडलेली आहे’ म्हणून दिली तरी हात लावू नका. म्हशीचं किंवा बकऱ्याचं घ्या, तेच पुरतं. आणि त्याच कायद्याने शिकारीलाही बंदी आहे, धनुष्य बनवल्यावर कुणीतरी काका हटकून ‘मग ससा कधी’ विचारतात म्हणून सांगून ठेवलं.

माप: मुठीवर कागद घट्ट गुंडाळा, एकावर एक येऊ द्या, आणि पाठीच्या मध्यरेषेवर टाचणी दोन्ही थरांतून आरपार टोचत जा, वरपासून खालपर्यंत सात-आठ ठिकाणी. कागद उलगडला की दोन्ही कडांच्या खुणा मिळतात. मूठ मधे बारीक असते म्हणून या कडा सरळ येत नाहीत, थोड्या आत वळतात, ती चूक नाही, तसंच कापायचं. चामडं कापताना रुंदीला ३ मिमी कमी ठेवा. ओलं झाल्यावर ते ताणलं जातं, मापाबरहुकूम कापलं तर कडा एकमेकींवर चढतात.

भोकं: इथे काटा-चमचा. कडेपासून ४ मिमी आत पेन्सिलची रेघ मारा आणि काट्याचे दात त्या रेघेवर दाबत जा, शेवटचा दात आधीच्या खुणेत ठेवून पुढे. अंतर आपोआप सारखं येतं. मग खाली लाकडाची फळी घेऊन आरीने भोकं पाडा. दोन्ही बाजूंची भोकं मोजा. परत मोजा. एका बाजूला १९ आणि दुसऱ्या बाजूला २० झाली तर शेवटी मूठ पिळवटल्यासारखी दिसते आणि ते लपत नाही.

भिजवणं: कोमट पाण्यात पाचेक मिनिटं, बुडबुडे यायचे थांबले की काढा, टॉवेलमध्ये गुंडाळून दहा मिनिटं ठेवा. मी पहिल्या वेळी कोरडंच ओढून शिवत बसलो होतो, दोन भोकं फाटली तेव्हा गल्लीच्या टोकाला बसणाऱ्या चप्पलवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी ते हातात घेतलं, हसले, कडेच्या डबड्यात बुडवलं आणि म्हणाले, “अहो साहेब, कोरड्या चामड्याशी भांडायचं नसतं.” त्याच डबड्यातल्या पाण्याने माझं काम झालं, पैसे घेतले नाहीत.

आणि सांभाळा, ओलं व्हेज टॅन चामडं आणि लोखंड यांची गाठ पडू देऊ नका. लोखंडी क्लॅम्प, गंजकी पक्कड, काहीही टेकलं की निळा-काळा डाग पडतो, शाईसारखा, आणि जात नाही. धरायचंच असेल तर तीच ट्यूबची पट्टी गुंडाळा.

शिवण: एक मीटर दोरा, दोन्ही टोकांना एकेक सुई. चामडं मुठीवर बसवा, कडा पाठीवर समोरासमोर. सगळ्यात वरच्या दोन भोकांतून दोन्ही सुया आतून बाहेर काढा आणि दोऱ्याची टोकं सारखी करा. मग डावी सुई उजवीकडे न्यायची, दोन कडांमधल्या फटीत खाली घालायची आणि उजवीकडच्या पुढच्या भोकातून आतून वर काढायची. उजव्या सुईचं तेच, डावीकडे. बुटाच्या लेसला आपण घालतो तशी फुली पडत जाते. दर वेळी तीच सुई आधी घ्या, नाहीतर फुल्या एकदा अशा एकदा तशा दिसतात. चार-पाच टाके सैल घाला, मग मागे येऊन एकेक ओढा, कडा हळूहळू भिडतात. एकदम जोर लावला की भोक फाटतं. शेवटच्या भोकानंतर दोन टाके मागे या, दोरे आत खोचा, गाठीवर गोंदाचा एक थेंब टाका आणि कापा.

वाळवणं: सावलीत, साधारण एक दिवस. ऊन नको, हेअर ड्रायर नको, चामडं कडक होऊन कडेला तडकतं. वाळताना ते आकसतं आणि लाकडाला असं धरून बसतं की आत गोंद नसला तरी फिरत नाही. वाळल्यावर बिनरंगाचं बूटपॉलिश थोडंसं. खोबरेल चोपडू नका, मूठ काळी पडते आणि बुळबुळते.

वाकणाऱ्या मुठीलाही हे चामडं चालतं, कारण ते मोज्यासारखं बसलेलं असतं. ताठ मुठीत आतून वर-खाली एकेक बोट रबरी गोंद लावलात तरी पुरे.

७. बाण घासतो ती जागा

उजव्या हाताने ओढणाऱ्याचं धनुष्य डाव्या हातात, आणि बाण धनुष्याच्या डाव्या अंगाने जातो. तिथे मुठीच्या लगेच वर बाण दर वेळी लाकडाला घासतो आणि महिन्याभरात ओरखडा पडतो. तीन बाय दोन सेंटिमीटरचा पातळ चामड्याचा तुकडा, कडा तासून, रबरी गोंदाने तिथे चिकटवा. हातावरूनच बाण मारणार असाल तर बाणाच्या पिसाची पुढची कड अंगठ्याच्या मागे तर्जनीच्या सांध्यावर चरचरीत ओरखडते, एकदा रक्त आलं की विसरत नाही. त्यासाठी मुठीच्या वरच्या कडेला डावीकडे चामड्याचे दोन-तीन थर एकावर एक लावून छोटासा ओटा करतात, तो आधी लावायचा आणि मूठ त्याच्यावरून गुंडाळायची.

८. दोरी चढवून तपासणी

आता बाणाची उंची बदललेली असते, हे लक्षात ठेवा. गुंडाळण्याने वरची कड ३-४ मिमीने उचलली गेली असेल तर दोरीवरचा नॉकिंग पॉइंटही (बाणाची शेपटी जिथे अडकवतो ती खूण) परत लावायला हवा, नाहीतर बाण शेपटी हलवत जातो आणि तुम्ही दोन आठवडे स्वतःच्या बाण सोडण्याला दोष देता. मी दिलाय.

पहिले दहा बाण जवळून मारा. मूठ हातात फिरतेय का बघा, कट्-कट् आवाज येतोय का ऐका. आवाज आला तर थांबा, गुंडाळणं काढा आणि लाकूड बघा. आवाज बहुतेक वेळा गोंदाचा असतो, पण ‘बहुतेक’ वर पुढचा बाण ओढायचा नाही.

९. पावसाळा आणि काढणं

कोकणात राहत असाल तर सरळ दोरीच लावा. जून ते सप्टेंबर चामड्यावर पांढरी बुरशी येणारच, कोरड्या फडक्याने पुसा, पंख्याखाली ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. धनुष्य उन्हात गाडीत ठेवू नका, रबरी गोंद तापून सुटतो आणि चामड्याचे थर सरकतात.

काढायची वेळ आली तर दोरीचा खालचा शेवटचा वेढा सुईने उचलून कापा, बाकी सगळं भोवऱ्याच्या जाळीसारखं सुटत येतं. चामड्याची शिवण कटरने फुल्यांमधून कापा, धार लाकडाकडे नाही, वर धरून. रबरी गोंद लाकडाला राहिला असेल तर कानस-रापी काही घेऊ नका, अंगठ्याने जोरात चोळत राहा, खोडरबराच्या कचऱ्यासारख्या गोळ्या होऊन तो सगळा निघतो.